मेलेल्या ड्रॅगनला चिवट कसं करायचं: नव्या डीएमसाठी पायरी-पायरीने

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या फाशांच्या खेळात नवा डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, पहिल्यांदा हाडांचा ड्रॅगन आणतो, तेव्हा पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. सांगाडा पंख पसरून उठतो, एकदा वीज ओकतो आणि दुसऱ्या फेरीत कोसळतो. टेबलाच्या पलीकडून आवाज येतो, "मरी गया का भो? इतलाच व्हता?" डीएम मान डोलावतो आणि पुढच्या वेळी एचपी, म्हणजे किती मार सोसतो तो आकडा, दुप्पट करायचे असं मनाशी ठरवतो. पुढच्या वेळी तोच ड्रॅगन चौथ्या फेरीत कोसळतो. मधल्या दोन फेऱ्या सगळे मोबाइल बघत असतात.

या दिवाळीच्या सुट्टीत जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळमधल्या एखाद्या गच्चीवर ज्यांच्यावर डीएम व्हायची पाळी येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच: अशा ड्रॅगनला मारणं सोपं राहिलं तरी चालेल, त्याला संपवणं अवघड झालं पाहिजे. तो आधीच एकदा मेलेला आहे. दुसऱ्यांदा मरायला तो कशाला घाबरेल? त्याचा खरा जीव दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि खेळ तिथे न्यायचा.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो, त्यामुळे लगेच पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. फासे नसतील तर मोबाइलवरचे चालतात, पण खऱ्या फाशांच्या खडखडाटाची मजा त्यात नाही.

पायरी १: आधी जिवंत ड्रॅगन कागदावर उतरवा

शून्यातून राक्षस बनवत बसू नका. फुकटच्या नियमसंचातला प्रौढ निळा ड्रॅगन घ्या. चॅलेंज रेटिंग (किती अवघड ते) १६, एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) १९, एचपी २२५. जमिनीवर वेग ४० फूट, उडताना ८०, आणि जमीन पोखरत जाताना ३०. तोंडातून निघणारी वीज ९० फूट लांब आणि फक्त ५ फूट रुंद रेषेत जाते. सेव्हचा, म्हणजे त्यातून वाचायला फाशावर गाठायचा, आकडा १९, सरासरी ६६ डॅमेज, म्हणजे इजा. ही ५ फुटांची रुंदी लक्षात ठेवा, पुढे जागा निवडताना ती कामाला येणार आहे.

आता त्याला मारा आणि उठवा. पूर्ण वाढ झालेला ड्रॅगन मरणोत्तर विधीतून उठला की त्याला ड्राकोलिच म्हणतात. त्याचे बदल थोडे आहेत. तो अनडेड, म्हणजे मेल्यावरही चालता-फिरता, होतो. विष त्याला लागत नाही, नेक्रॉटिक (मृत्यूच्या जादूचं) डॅमेज अर्धं होतं, आणि जिवंतपणी ज्यापासून सुरक्षित होता, इथे विजेपासून, ते संरक्षण राहतं. मोहिनी, भीती, थकवा, लकवा आणि विषबाधा या पाच अवस्था त्याला होत नाहीत. मंत्रांविरुद्धच्या सेव्हवर त्याला ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. रेटिंग १६ चं १७ होतं. एचपी २२५ चे २२५ च राहतात, आणि बहुतेक नवे डीएम नेमके इथेच अस्वस्थ होतात.

उदाहरणासाठी आपण एक ड्रॅगन घेऊ. गावकरी त्याला हाडक्या म्हणतात. त्याचं जिवंतपणीचं भारदस्त नाव वेगळंच आहे आणि 'हाडक्या' ऐकलं की तो चिडतो. हे चिडणं खेळात वापरता येतं.

पायरी २: एचपीच्या आकड्याला हात लावू नका

हिशेब करून बघा. तेराव्या-चौदाव्या लेव्हलचे पाच खेळाडू, चुकलेले वार धरूनसुद्धा प्रत्येकी फेरीला ३० ते ३५ डॅमेज सहज करतात. म्हणजे पार्टीचे, खेळाडूंच्या अख्ख्या टोळीचे, दीडशे ते पावणेदोनशे. २२५ एचपी दुसऱ्या फेरीच्या मध्यातच संपतात. ४५० केले तर तिसऱ्या फेरीच्या शेवटी किंवा चौथीत जेमतेम पोचतो. वाढलेल्या फेऱ्यांत नवीन काही घडत नाही. तेच वार आणि तीच वजाबाकी.

एसी वाढवणं तर आणखी वाईट. पंधरा मिनिटं आपल्या पाळीची वाट बघून फासा टाकायचा आणि "नाही लागला" ऐकायचं, यापेक्षा मार खाल्लेला परवडला. एसी १९ पुरे आहे.

फक्त एका बाबतीत आकडे बदलायला मी सांगेन, आणि तेही खाली आणायला. तुमची पार्टी सातव्या-आठव्या लेव्हलची असेल तर तरुण निळा ड्रॅगन घ्या: एसी १८, एचपी १५२, विजेचं डॅमेज सरासरी ५५, सेव्ह १६. छापील नियमाप्रमाणे फक्त प्रौढ किंवा प्राचीन ड्रॅगनच ड्राकोलिच होतो. पण तुमच्या टेबलावर तुम्ही राजे, करून टाका. पाचव्या लेव्हलच्या पार्टीवर मात्र हाही सोडू नका. त्या लेव्हलच्या जादूगाराचे एचपी तिशीच्या आसपास असतात आणि पहिल्याच फुंकरीत तो जमिनीवर.

पायरी ३: जीव कुठे ठेवलाय ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या निम्म्या केल्या तरी चालेल, ही पूर्ण करा.

राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे खेळाडूंना समजावून सांगायची गरज पडत नाही. ड्राकोलिचचा आत्मा एका रत्नात बांधलेला असतो. शरीर मोडलं की आत्मा रत्नात परत जातो, आणि ते रत्न दुसऱ्या ड्रॅगनच्या प्रेताला टेकलं की तो त्या प्रेतात शिरून उठतो. म्हणजे हाडक्याला परत यायला दोन गोष्टी लागतात: रत्न शाबूत हवं, आणि एक शिल्लक प्रेत हवं. या दोन्ही गोष्टी पार्टीला शोधता येतात, पळवता येतात, नष्ट करता येतात. म्हणजे लढाईच्या आधीच तुमच्या हातात दोन मोहिमा आल्या.

नवे डीएम हे रत्न पेटीत ठेवतात. पेटीला कुलूप, कुलपाला विषारी सुई, पेटीभोवती सापळे. यात दम नाही. चोराचं पात्र एक फासा टाकतं आणि संपलं. रत्न अशा जागी ठेवा जिथे पोचणं सोपं आहे, पण ते फोडायला मन होत नाही.

पांझरेचं खोरं घ्या. पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात साधारण सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. आता तुमच्या काल्पनिक खोऱ्यातल्या अशाच बंधाऱ्याच्या पायात, बांधकामाच्या वेळी, हाडक्याच्या माणसांनी ते रत्न चिणून टाकलं असं समजा. चार गावांचं पाणी त्या दगडावर उभं आहे. रत्न काढायचं तर बंधारा फोडायचा, आणि तोही फडात पीक उभं असताना.

इथे एचपीचा प्रश्न उरतच नाही. पॅलाडिन (देवाचा योद्धा) म्हणेल फोडा, ड्रुइड (निसर्गाचा पुजारी) म्हणेल थांबा, चोर विचारेल बंधाऱ्याखालून बोगदा काढता येईल का. कोणीतरी पाटकऱ्याशी बोलायला जाईल. तो पिढीजात पाटकरी असेल, आपल्या बंधाऱ्यात काय आहे हे त्याला पक्कं माहीत असेल आणि तो सांगणार नसेल. अख्खं सेशन, म्हणजे खेळाची एक पूर्ण बैठक, या वादात जाऊ द्या. तुम्ही फक्त पाणी किती दिवसांत आटेल ते लिहून ठेवा.

सुगावे मात्र भरपूर सोडा. एक महत्त्वाची गोष्ट कळायला तीन वेगवेगळ्या वाटा ठेवाव्यात. खेळाडू पहिली वाट ओलांडून पुढे जातील, दुसरीचा चुकीचा अर्थ लावतील आणि तिसरीवर त्यांचं घोडं न्हाईल. आपल्या उदाहरणात पहिली वाट म्हणजे वहीगायनातलं (खानदेशी लोकगायनातलं) एक कडवं, ज्यात बंधाऱ्याला 'न धडकणारं काळीज' म्हटलं आहे. दुसरी वाट: वैशाखात, आभाळात ढगाचं नाव नसताना, बंधाऱ्याच्या एकाच दगडावर वीज पडते. तिसरी: त्या दगडापाशी मासे फिरकत नाहीत, आणि हे नदीवर डुंबणाऱ्या पोरांना ठाऊक आहे, मोठ्यांना नाही.

दुसरं प्रेत कुठे आहे? ड्राकोलिचला श्वास लागत नाही, अन्न-पाणी-झोप लागत नाही. तेव्हा ते एखाद्या मोठ्या जलाशयाच्या तळाशी गाळात पडून राहू शकतं. हतनूरसारख्या धरणाचं दृश्य खेळाडूंच्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं, वर्णनाचे श्रम वाचतात. एक सावधगिरी: खरी लढाई पाण्याखाली नेऊ नका. निळ्या ड्रॅगनला पोहण्याचा वेग नाही, त्यामुळे पाण्याखालच्या लढाईच्या नियमाने त्याच्या स्वतःच्या चाव्यांवर आणि पंजांवर डिसॲडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरावा लागतो. तुमचाच खलनायक बुडायचा.

या प्रेताचा आणखी एक फायदा आहे, तो मला फार आवडतो. जोवर दुसरं शरीर तयार आहे, तोवर हाडक्या बेफिकीर लढतो, अंगावर येतो, पळत नाही. पार्टीने ते प्रेत जाळलं की त्याचं वागणं बदलतं. तो लांबून वीज टाकतो, अर्धे एचपी गेले की उडून जातो, रात्री येतो. काय बदललं ते खेळाडूंना सांगू नका. त्यांचं ते ताडतात, आणि टेबलावर कुजबुज सुरू होते.

पायरी ४: जागा त्याच्या बाजूची हवी

मोकळ्या माळावर उभा असलेला ड्रॅगन म्हणजे मोठं लक्ष्य. ५ फूट रुंदीची वीज माळावर एखाद्या माणसाला लागते, कारण दुसऱ्याच फेरीत सगळे पांगतात. तीच वीज डोंगरी किल्ल्याच्या पायऱ्यांवर, दोन बाजूंच्या भिंतींमध्ये, पाचही जणांना ओवते. धुळ्याजवळचा लळिंग किंवा साक्री तालुक्यातला भामेर चढलेला असेल तर नकाशा तुमच्या डोक्यात तयारच आहे: अरुंद चढ, वळणाचा दरवाजा, वर कातळात कोरलेली दालनं आणि पाण्याची टाकी. हाडक्या वरच्या टोकाला, पार्टी पायऱ्यांवर. नियम एकही बदललेला नाही, आणि लढाई दुप्पट अवघड झाली.

जमीन पोखरण्याचा वेगही नवे डीएम विसरतात. तापीकाठच्या गाळाच्या उंच दरडी आणि त्यांतल्या घळी अशा ड्रॅगनसाठीच बनल्यात. तो पायाखालून येतो, एकाला जबड्यात धरतो, ८० फूट वर नेतो आणि सोडतो. दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), म्हणजे आठ फासे. हे एकदाच करा, आणि ज्याच्याकडे हळू उतरण्याचा मंत्र आहे त्याच्यावर करा. त्यालाही वाटतं, बरं झालं हा मंत्र घेतला होता.

लेअर ॲक्शन हा नियम वापराच. आपल्या अड्ड्यात असलेल्या ड्रॅगनसाठी दर फेरीला इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा आकडा) २० वर जागा स्वतः काहीतरी करते. पुस्तकात निळ्या ड्रॅगनसाठी छत कोसळणं, वाळूचा ढग उठणं आणि विजेचा लोळ असे पर्याय आहेत. वाळूच्या जागी भर मे महिन्यातल्या भुसावळची धूळ घाला. पंचेचाळीस अंशांत उठणारी वावटळ खेळाडूंना समजावून सांगावी लागत नाही. किंवा टाक्यातलं पाणी फेरीगणिक एक वीत वर चढू द्या.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या भागाची चव आणताना कानबाई, मनुदेवी यांना खेळात दुष्ट शक्ती करू नका. घराघरात ज्यांचे रोट होतात त्यांच्याशी असला खेळ शोभत नाही, आणि टेबलावर कोणाचं तरी मन दुखावतं. तसंच सातपुड्यातले भिल्ल, पावरा म्हणजे 'जंगलातले शत्रू' ही सवयही सोडा. तोरणमाळच्या वाटा ज्याला पाठ आहेत असा पावरा वाटाड्या पार्टीत असेल तर तो सर्वांत शहाणा माणूस असायला हवा.

आता इतिहासाचा एक उपयोग. हाडक्या फारुकी काळात मेला असं धरा. फारुकींनी खानदेशावर १३८२ ते १६०१ राज्य केलं. सुरुवातीची राजधानी तापीकाठी थाळनेरला होती, बऱ्हाणपूर नंतरचं. हाडक्या त्या सुरुवातीच्या काळात मेला आणि कालपरवा उठला. त्याला थाळनेरच राजधानी वाटते. खंडणी मागायला तो तिथेच जातो आणि पडक्या बुरुजांवर ओरडतो. गावकरी लांबून बघतात. इतक्या शक्तीच्या प्राण्याला इतकी साधी गोष्ट माहीत नाही, हे पार्टीला कळलं की त्यांना फसवायची वाट सापडते. चिवट खलनायकाला असं एक मोठं भोक हवंच, नाहीतर खेळाडू हात टेकतात.

पायरी ५: फेरीत त्याला जास्त वेळा हलू द्या

पाच माणसांना पाच पाळ्या, ड्रॅगनला एक. एकटा राक्षस हरतो त्याचं मूळ कारण हेच. यावर नियमातच उपाय आहे, त्याला लेजेंडरी ॲक्शन म्हणतात. दुसऱ्याची पाळी संपली की ड्रॅगन छोटी हालचाल करतो, फेरीला अशा तीन. शेपटीचा फटका एका ॲक्शनचा, पंख फडफडवणं दोन ॲक्शनचं. नवे डीएम घाईत हे विसरतात. टेबलावर तीन चिंचोके ठेवा, वापरला की उचला, आपली पाळी आली की परत मांडा.

सगळे तिन्ही शेपटीत घालवू नका. पंखांच्या फडफडाटानंतर तो अर्ध्या वेगाने उडू शकतो, म्हणजे ४० फूट. वेढा पडला की हीच त्याची सुटका.

मदतनीस द्या, पण गर्दी नको. उच्च लेव्हलच्या क्लेरिकसमोर (दैवी शक्तीच्या पुजाऱ्यासमोर) साधे सांगाडे एका ॲक्शनमध्ये धूळ होतात. तरी दोन-चार ठेवा, क्लेरिकला तो आनंद मिळतो आणि त्याची ती शक्ती ड्रॅगनऐवजी तिथे खर्च होते. त्याहून कामाचे म्हणजे जिवंत चाकर. दरवाजाची साखळी धरून बसलेला एक, शिंग फुंकणारा एक, आणि एक पाटील, जो भीतीपोटी गावाचं धान्य हाडक्याच्या नावाने वेगळं काढतो. जिवंत माणसाशी बोलता येतं, त्याला फोडता येतं.

पायरी ६: पार्टीची हत्यारं बोथट करू नका

क्लेरिक आणि पॅलाडिन घेतलेल्या खेळाडूंनी अनडेडशी लढण्याचं स्वप्न पाहिलेलं असतं. पॅलाडिनच्या स्माइटला (दैवी वाराला) अनडेडवर एक जादा डी८ (आठ बाजूंचा फासा) मिळतो. तो मिळू द्या. रेडिअंट डॅमेज लागू द्या. "हा खास ड्रॅगन आहे, त्याला दैवी प्रकाश लागत नाही" हे वाक्य म्हणजे खेळाडूच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं आहे.

उलट दोन फटी आधीच ओळखून ठेवा. पहिली: त्याला न होणाऱ्या पाच अवस्थांत 'स्टन्ड' (सुन्न होणं) नाही. मंक (हातापायांनी लढणारा साधू) फेरीत तीन-चार वेळा स्टन करायचा प्रयत्न करेल. हाडक्याचा कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह १२ ने वाढलेला आहे, त्यामुळे बहुतेक प्रयत्न फुकट जातील. पण एखादा लागतोच, आणि तिथे लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे चुकलेला सेव्ह जमला असं धरायची सवलत, खर्च होतो. तो दिवसाला तीनदा मिळतो. दुसरी: फोर्सकेज. तेराव्या लेव्हलपासून जादूगाराकडे हा मंत्र असू शकतो, आणि वीस फुटांच्या पिंजऱ्यात प्रौढ ड्रॅगन बरोबर मावतो. लावताना सेव्ह नाही. त्याला रोखू नका. पिंजऱ्याच्या गजांमधून त्याची वीज बाहेर येते हे लक्षात ठेवा, आणि पार्टी रेषेत उभी राहीपर्यंत थांबा.

लेजेंडरी रेझिस्टन्सबद्दल माझा एक घरगुती नियम आहे. "तो सेव्ह झाला" एवढंच सांगितलं की जादूगाराचं तोंड उतरतं, त्याचा सगळ्यात भारी मंत्र हवेत विरलेला असतो. म्हणून प्रत्येक रेझिस्टन्सला किंमत लावा. पहिला वापरला की डाव्या पंखाची हाडं गळतात आणि उडण्याचा वेग ८० वरून ६० होतो. दुसऱ्याला ४०. तिसऱ्याला छातीचा पिंजरा उघडा पडतो आणि एसी एकाने कमी होतो. जादूगाराला दिसतं की आपला मंत्र वाया गेला नाही, आणि तुमचा ड्रॅगन लढतालढता खरोखर मोडत जातो. हाडांच्या प्राण्याला हे शोभतंही.

चाकरांमध्ये मांत्रिक असेल तर त्याच्याकडून हाडक्याला बरं करायला जाऊ नका. क्युअर वून्ड्ससारखे मंत्र अनडेडवर चालत नाहीत, आणि खेळाडूंपैकी एकाला ते नक्की आठवतं.

पायरी ७: शून्यावर आल्यावर

पाथफाइंडर या दुसऱ्या खेळात रॅव्हनर नावाचा मेलेला ड्रॅगन आहे. गिळलेल्या आत्म्यांचं एक कवच त्याच्याभोवती असतं. एचपी संपत आले की उरलेलं डॅमेज या कवचावर जातं, आणि कवच संपलं तरच तो नष्ट होतो. कवचाची कमाल मर्यादा त्याच्या हिट डाइसच्या (एचपी ठरवणाऱ्या फाशांच्या संख्येच्या) दुप्पट, सुरुवात त्याच्या निम्म्याने. शिवाय ३० फुटांत कोणी जिवंत प्राणी मेला आणि त्याचा सेव्ह चुकला की तो आत्मा कवचात भर घालतो.

ही कल्पना बिनदिक्कत उचला, आकडे बदला. प्रौढ निळ्या ड्रॅगनचे हिट डाइस १८, म्हणजे त्या हिशेबाने कमाल ३६. आपली पार्टी फेरीला दीडशे डॅमेज करते, तिच्यापुढे हे कवच एका वाराचं. मी ५० पासून सुरुवात करेन आणि ३० फुटांत मरणाऱ्या प्रत्येकामागे १० वाढवेन, सेव्ह वगैरे न ठेवता. खेळाडूंचं पात्र शून्य एचपीवर बेशुद्ध पडलं तर ते धरू नका, खरंच मेलं तरच.

आता बघा, लढाईचं रूपच बदलतं. हाडक्या किल्ल्यावर न थांबता गावाकडे झेपावतो, कारण तिथे आत्मे आहेत. पार्टीतले दोघे त्याच्याशी लढतात, तिघे फडावरच्या माणसांना ३० फुटांबाहेर ढकलतात. ज्याचे सगळे मंत्र संपलेत तो खेळाडूही कामाचा राहतो, कारण म्हातारीला उचलून पळायला मंत्र लागत नाही. कवचाचा आकडा लपवू नका. त्याच्याभोवती फिरणारे हिरवट दिवे मोजता येतात असं सांगा, एक दिवा म्हणजे दहा. दिवे वाढताना दिसले की खेळाडूंची धावपळ बघण्यासारखी होते.

२०२० पासून डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही 'मिथिक' राक्षस आले, जे शून्यावर आले की पुन्हा एचपी भरून दुसऱ्या रूपात उठतात. नव्या डीएमने ते इतक्यात वापरू नये. पूर्वसूचना नसेल तर खेळाडूंना ती फसवणूक वाटते. कवच दिसतं, म्हणून ते चालतं.

पायरी ८: रात्रीचा त्रास, आणि तोही मोजून

हाडक्याला झोप लागत नाही, पार्टीला लागते. लाँग रेस्ट, म्हणजे पूर्ण विश्रांती, आठ तासांची असते आणि मध्ये तासभर लढाई किंवा धावपळ झाली की नव्याने सुरू करावी लागते. तो पहाटे येतो, ९० फुटांवरून एकदा वीज टाकतो, तळ उधळतो आणि पसार होतो. हे संपूर्ण मोहिमेत एकदाच. दुसऱ्यांदा केलंत तर खेळाडू डीएमवर चिडतील.

पायरी ९: घरी एकट्याने लढून बघा

सेशनच्या आदल्या दिवशी खेळाडूंची कॅरेक्टर शीट मागवून घ्या आणि तीन फेऱ्या स्वतःच दोन्ही बाजूंनी खेळा. पूर्ण लढाई नको. एवढंच बघा: पहिल्या फेरीत कोणी थेट मरतंय का, तिन्ही चिंचोके वापरायला सुचतंय का, आणि दुसऱ्या फेरीत ड्रॅगन जिथे उभा आहे तिथून हलायला त्याला कारण आहे का. कारण नसेल तर नकाशा बदला, आकडे नको.

प्रत्यक्ष खेळताना लढाई फारच सोपी किंवा फारच जीवघेणी वाटली तर पडद्यामागे एचपी गुपचूप कमी-जास्त करायचा मोह होतो. त्याऐवजी पुढच्या गोष्टी हाताशी ठेवा. सोपी जात असेल तर हाडक्या जमिनीत शिरतो आणि लढाई बंधाऱ्यावर जाते, जिथे एक चुकलेला अग्निगोळा चार गावांचं पाणी सोडून देईल. जड जात असेल तर त्याला कोणीतरी 'हाडक्या' म्हणून हाक मारू दे. तो पार्टी सोडून त्या आवाजाकडे वळतो आणि खेळाडूंना एक फेरी मोकळी मिळते. बहुतेक वेळा ही हाक पाटलाची असते.

शरीर पडलं आणि रत्न अजून बंधाऱ्यातच असेल, तर एक्सपी (अनुभवाचे गुण) पूर्ण द्या, १८,००० चे १८,०००. लढाई त्यांनी जिंकलेली आहे. पाटकऱ्याशी बोलणं पुढच्या सेशनला.